भावोजींची कंबर आणि चार मजले

माझे भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. लोक त्यांना लिफ्टवाले काका म्हणतात. मी पाठीमागे त्यांना हो-काका म्हणते, कारण त्यांच्या तोंडून 'नको' हा शब्द निघालेला आमच्या खानदानात कोणी ऐकलेला नाही. चहा घेणार? हो. अजून एक कप? हो. आमचं मांजर दोन दिवस ठेवून घ्याल का? हो. ते मांजर अजून त्यांच्याकडेच आहे, आणि मांजराचे मालक केव्हाच घर बदलून गेले.

मी नेमकी उलटी. मी वीजबिलाच्या खिडकीत बसते आणि दिवसभर 'नाही' म्हणते. सुट्टे नाहीत, वेळ संपली, सही जुळत नाही, उद्या या. म्हणून भावोजी मला मिरची म्हणतात. त्यांच्या प्रत्येक 'हो'ने माझं डोकं फिरतं. माझा राग मी ताईवर काढते, ताई तो भांड्यांवर काढते, आणि मग भावोजी येऊन भांडी घासायला लागतात, कारण ताईने नुसतं त्यांच्याकडे बघितलेलं असतं.

लिफ्ट बंद असली की माणसं दुरुस्तीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि चालू झाली की त्याच तोंडाने चहा विचारतात. चहाबरोबर बिस्किटं येतात, कोणाच्या मुलाचा वाढदिवस झालेला असला तर केकचा तुकडा येतो. भावोजी दिवसभर इमारतींमागून इमारती करायचे आणि प्रत्येक ठिकाणी तोंड हलवायचे. घरी आले की ताई वाढायला उभीच. माझी ताई वाढते म्हणजे काय, ताटाचा तळ दिसू देत नाही. एक डाव संपायच्या आत दुसरा पडतो. अशाने माणसाचं काय होणार? भावोजींचं जे व्हायचं ते कमरेत झालं.

तरी कोणाचं लक्ष नव्हतं. लक्ष गेलं ते झडपेमुळे. लिफ्टच्या केबिनला छतात एक चौकोनी झडप असते. माणसं आत अडकली आणि त्यातल्या कोणाचा जीव घाबरा झाला, की दुरुस्तीवाल्याने केबिनच्या टपावर उतरायचं, झडप उघडायची आणि पाय सोडून आत यायचं, असा भावोजींच्या कंपनीचा नियम आहे. त्याची दरवर्षी तालीम होते. यंदाच्या तालमीत भावोजींचे पाय आत आले, गुडघे आले, मांड्या आल्या, आणि मग पुढे काहीच आलं नाही. बाटलीला बूच बसावं तसे ते बसले. शेवटी दोघांनी वरून बगलेत हात घालून त्यांना उपसून काढलं.

त्यांचे साहेब हे सगळं बघत होते. ते फार गोड बोलतात. गोड बोलणाऱ्यांचा मला एरवी संशय येतो, पण हे खरंच मनाने गोड आहेत, आणि तीच अडचण. ते म्हणाले, "काका, महिन्याभराने झडपेची पुन्हा तपासणी घेऊ, तोवर बघा काय जमतंय. नाहीच जमलं तर तक्रारी घ्यायला टेलिफोनच्या टेबलावर या. आरामाची जागा आहे."

त्या रात्री भावोजी जेवले नेहमीइतकंच. मग मी निघाले तेव्हा जिन्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "मिरचे, टेबलावर बसवलं तर मी संपलो गं. वरून लिफ्टच्या बोगद्यात बघितलं ना, की मला सगळं कळतं. दोर कुठे घासतोय, काय कशामुळे थांबलंय. टेलिफोनमध्ये मला काय दिसणार?"

"आणि लोक म्हणणार, आत्ता माणूस पाठवा."

"मी म्हणणार, हो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना." ते इतके केविलवाणे दिसले की मला त्यांच्यावर ओरडताही येईना. मग हळूच म्हणाले, "आणि खरं सांगू का, कंबर राहू दे. साहेबांनी पुन्हा एकदा प्रेमाने विचारलं ना, तरी मी हो म्हणून बसेन. तपासणी पास झालो तरी." मला रडू आलं. मी ते शिंकेत घालवलं आणि ठरवलं की ही कंबर आता माझी.

आता मुख्य प्रश्न होता, दाखवायचं कोणाला. भावोजींकडे चार मजली एका इमारतीच्या लिफ्टचं काम होतं. तळाला चपलांचं दुकान, आणि वर प्रत्येक मजल्यावर माणसाला बारीक करणारं एकेक माणूस. पहिल्या मजल्यावर आहारतज्ज्ञ बाई. दुसऱ्यावर वेलनेस कोच. तिसऱ्यावर निसर्गोपचारवाले आजोबा. चौथ्यावर श्वासाच्या मार्गदर्शिका.

"चौथा मजला," ताई म्हणाली. तिला विचारही करावा लागला नाही.

"का?"

"अगं, यांनाच विचार. लिफ्टमध्ये महत्त्वाचं सगळं कुठे असतं? वर. मोटार वर, चाक वर, दोर वरून येतो. खाली काय असतं? खड्डा. त्यात चॉकलेटचे कागद आणि कोणाच्या तरी किल्ल्या."

भावोजींनी मान डोलावली. त्यांच्या धंद्याचं ज्ञान असं कोणी मानाने वापरलं की ते विरघळतात. दुसऱ्या कुठल्या घरात माणसं शिक्षण बघतील, अनुभव बघतील, शेजाऱ्यांना विचारतील. आमच्याकडे मजला बघितला जातो. मी म्हटलं, पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या पाटीवर पदवी लिहिलेली आहे, आधी तिथे जाऊ. ताई म्हणाली, चौथा. दोघी भावोजींकडे बघू लागलो.

"हो," भावोजी म्हणाले, आणि आम्ही एकाच दिवशी चारही मजले केले.

पहिल्या मजल्यावरच्या बाईंची खोली लहान. टेबल, वजनकाटा, आणि भिंतीवर एक घड्याळ तेवढं. बाईंनी विचारायला सुरुवात केली ती थांबेचनात. सकाळी काय खाता, कुठे खाता, उभ्याने की बसून, कोण वाढतं, चहा किती घरी होतो. भावोजी सांगत गेले. बाई म्हणाल्या, "इतकी बिस्किटं तुम्हाला आवडतात?"

"नाही हो. आवडत नाहीत."

"मग?"

"देतात ना ते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, रक्त तपासून आणा, जेवण बसून करा, आणि महिन्याभरात या. "आणि एक औषध. रोज कोणाला तरी एकदा 'नको' म्हणा. एकदाच. बाकीचं आपण नंतर बघू."

बाहेर आल्यावर ताईचा पारा चढला. "हे काय औषध झालं? नको म्हणा! हे तर कोणीही सांगेल. आणि वरून फी!" मलाही ते पटलं नाही, सांगून टाकते. शब्दाने कधी कंबर कमी झालीय? आणि भावोजी तर घामाघूम झाले होते. म्हणाले, "बाई चांगल्या आहेत, पण हे फार जालीम आहे. काहीतरी हलकं मिळतं का बघू."

दुसऱ्या मजल्यावर हसरा तरुण होता. त्याच्या शर्टाची बटणं जीव मुठीत धरून बसली होती. भिंतीभर फोटोंच्या जोड्या, आधी जाड आणि नंतर बारीक. गेल्या वर्षापर्यंत याच गाळ्यात तो मोबाइलची कव्हरं विकायचा, हे भावोजींना माहीत होतं, पण ते बोलले नाहीत. त्याने काहीच विचारलं नाही. सकाळी भुकटी, दुपारी भुकटी, रात्री भुकटी, आणि दिवसभर पोटाला रबराचा रुंद पट्टा, घाम येण्यासाठी. त्याला आम्ही भुकटीवाला म्हणायला लागलो. भुकटी चॉकलेटची की स्ट्रॉबेरीची, असं त्याने विचारलं तेव्हा भावोजी म्हणाले, "हो."

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी आमच्या हातातला भुकटीचा डबा बघितला आणि डोळे मिटून घेतले. "विष," म्हणाले. ते अनवाणी होते आणि खोलीत ओल्या कुंडीचा वास होता. त्यांच्या मते चूल पेटवली तिथेच माणसाचं चुकलं. शिजवलेलं सगळं बंद, आणि पोटावर रोज ओल्या मातीची जाड पट्टी, वरून फडकं घट्ट गुंडाळून. माती त्यांनी स्वतः बादलीतून दिली. भावोजी दोन्ही हात पुढे करून हो म्हणाले.

आणि चौथा मजला! तिथे खुर्च्याच नव्हत्या. एक बाई लांबलचक शाल पांघरून बसल्या होत्या आणि इतक्या हळू बोलत होत्या की एका वाक्यात ताईला डुलकी लागली. त्यांचं म्हणणं, अन्न हा विषयच नाही. माणूस चुकीच्या नाकपुडीने श्वास घेतो म्हणून जाड होतो. त्यांनी बेंबीवर बांधायला दोरीत ओवलेला एक लाकडी गोळा दिला. श्वास त्या गोळ्यापर्यंत पोचला पाहिजे. त्यांचं नाव आम्ही श्वासताई ठेवलं. उतरताना ताई भारावून म्हणाली, "एवढ्या वर आणि एवढं हळू! म्हणजे काहीतरी असणारच."

घरी आल्यावर निवड करायला बसलो. ताईचं मत श्वासताई. शेजारच्यांचं मत भुकटी, कारण ती त्यांच्याकडेही पडून होती. माझं मत, निसर्गाला काय, माती फुकट. आणि भावोजींना कोणाचंच मन मोडायचं नव्हतं, त्यामुळे त्यांनी चारी मजले धरले. पहिल्या मजल्याचं औषध तेवढं राहून गेलं. रोज संध्याकाळी मी विचारायची, "आज म्हणालात का कोणाला?" ते म्हणायचे, "उद्या नक्की."

वरच्या तिघांनी मिळून जे बंद केलं होतं ते वजा केल्यावर जगात फक्त काकडी उरली. तीसुद्धा श्वासताईंच्या मते सूर्य मावळल्यावर नाकाला थंड. मग भावोजी दिवसा काकड्या खाऊ लागले. पण ताईचं तर्कशास्त्र वेगळं होतं. "भुकटी हे औषध. काकडी हे पथ्य. औषध आणि पथ्य केलं म्हणून कोणी जेवण सोडतं का?" ती पूर्वीसारखंच वाढत राहिली आणि ते पूर्वीसारखंच घेत राहिले. म्हणजे आता भुकटी अधिक काकडी अधिक जेवण अधिक बिस्किटं. कंबर काय करणार बिचारी?

त्यात चौघांचा एकमेकांना पत्ता लागू द्यायचा नव्हता. भावोजी काम करायला त्या इमारतीत गेले की दुसऱ्या मजल्यावर रबरी पट्टा दिसला पाहिजे, तिसऱ्यावर माती, चौथ्यावर गोळा. भावोजी दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट थांबवून आत कपडे बदलायचे. लोक तक्रार करायला लागले की ही लिफ्ट दुरुस्तीवाला आला की हटकून बंद पडते. शेवटी वैतागून त्यांनी सोपा मार्ग काढला. एकावर एक सगळंच बांधलं. आत गोळा, त्यावर माती, त्यावर फडकं, त्यावर रबर, आणि वर शर्ट. चालताना त्यांचा आवाज यायचा, चिखलातून बूट काढल्यावर येतो तसा. मांजर त्यांच्याजवळ बसेनासं झालं.

महिना संपत आला. तपासणी तोंडावर आली. मी एक दिवस खिडकीवर लवकर पाटी लावली आणि त्या इमारतीत भांडायला गेले. कोणाशी ते ठरवलं नव्हतं, जो भेटेल त्याच्याशी. नशीब असं की तिथे त्या दिवशी इमारतीची सभा होती, गच्चीवर. विषय, लिफ्टचा खर्च कोणी किती द्यायचा. साहेब आणि भावोजी हिशेब समजावायला आधीच वर गेले होते. मी लिफ्टमध्ये शिरले, तर माझ्यामागून भुकटीवाला शिरला, आजोबा शिरले आणि शाल सावरत श्वासताई शिरल्या. मला तर सोन्यासारखी संधी चालून आली. पहिल्या मजल्यावरच्या बाई जिना चढत होत्या, त्यांच्याशी भांडण नंतर.

मी तोंड उघडणार एवढ्यात श्वासताईंच्या शालीचं टोक दारात सापडलं. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे दार जरासं ओढलं गेलं, आणि खट्. लिफ्ट थांबली. मी शाल ओढली, भुकटीवाल्याने ओढली, ती हलेना. दिवा मिणमिणू लागला. आणि श्वासताई, ज्या लोकांना श्वास शिकवतात, त्या भिंतीला टेकून म्हणाल्या, "मला श्वास घेता येत नाही."

हे त्या फार भराभर म्हणाल्या.

"पॉझिटिव्ह राहा!" भुकटीवाला म्हणाला आणि लगेच दार बडवत ओरडला, "मेलो! कोणीतरी या!" आजोबा म्हणाले, यंत्रात बसणं मुळात निसर्गाला धरून नाही. मी म्हटलं, मग रोज कशाला बसता? ते म्हणाले, गुडघे दुखतात.

मी तांबडं बटण दाबून सांगितलं की आत एका बाईंचा जीव घाबरा झालाय. जीव घाबरा म्हणजे नियम लागू. डोक्यावर पावलं वाजली, झडप उघडली, धूळ पडली, आणि त्यातून पाय आले. मोजे मी ओळखले. मीच दिले होते. गुडघे आले, मांड्या आल्या, आणि पुढे काय होणार हे मला ठाऊक होतं.

तेच झालं.

शर्ट वर सरकला होता आणि झडपेच्या कडेला एकेक थर दिसत होता. भुकटीवाल्याचा चेहरा खुलला. "अरे, हा तर माझा पट्टा! आमचेच क्लायंट! बघा, महिन्याभरात केवढा फरक!"

"दिसतोय ना फरक," मी म्हटलं. "मागे नुसता माणूस अडकला होता."

तेवढ्यात मातीचा एक ओला गोळा पच्‌कन त्याच्या डोक्यावर पडला. आजोबा पुढे झाले. "ही माझी माती. हे माझे पेशंट आहेत." श्वासताई धापा टाकतच बोट वर करून म्हणाल्या, "दोरी... माझी."

वरून साहेबांचा गोड आवाज आला, "आत सगळे ठीक आहात ना? काका जरा अडकलेत."

अडकलेत म्हटल्याबरोबर भुकटीवाला केसातली माती काढत म्हणाला, "तसे ते नियमित नव्हतेच." आजोबा म्हणाले, "अंधारात मी माती बरोबर ओळखली नसेन." श्वासताईंनी बोट खाली घेतलं. महिनाभर तिघांनी ज्या कमरेला हात लावला ती आता कोणाचीच नव्हती. माझा संताप डोळ्यांत आला.

पण सल्ले थांबले नाहीत. भुकटीवाला पायांना म्हणाला, "पोट आत घ्या!"

"हो," वरून आवाज आला.

"दीर्घ श्वास घ्या," श्वासताई म्हणाल्या.

"हो." त्यांनी श्वास घेतला आणि ते आणखी घट्ट बसले.

"पाणी ओता, माती सुटेल," आजोबा म्हणाले.

"हो." आणि भुकटीवाल्याने आपली बाटली वर पिचकारीसारखी दाबून रिकामी केली. त्या बाटलीत पाणी नव्हतं, स्ट्रॉबेरी होती. आता माझ्या डोळ्यांदेखत माझे भावोजी अर्धे आत, अर्धे बाहेर, गुलाबी गळत होते.

वरून साहेब म्हणाले, "काका, मी खांद्यावर थोडं दाबून बघू का?"

मी किंचाळले. "भावोजी! एकदा तरी नको म्हणा हो! एकदा!"

पाय हलायचे थांबले. मग वरून इतक्या बारीक आवाजात आलं की मला आधी वाटलं दोर कुरकुरला.

"नको."

"काय म्हणालात काका?"

"नको, साहेब. दाबू नका." आणि मग धरणच फुटलं. "ओढू नका, ओतू नका, सांगू नका! मला पट्टा नको. माती नको. तो गोळा नको, रात्रंदिवस बेंबीत घुसतोय! भुकटी नको, आणि काकडी तर जन्मात नको! मिरचे, सगळं काढ!"

बाहेर, तिसऱ्या मजल्याच्या दाराआडून, पहिल्या मजल्यावरच्या बाईंचा दमलेला आवाज आला, "कोण म्हणालं ते? लिफ्टवाले का? शाबास! महिन्याच्या आत म्हणालात!"

मी चपला काढल्या, भुकटीवाल्याला ओणवं व्हायला लावलं आणि त्याच्या पाठीवर उभी राहिले. आधी रबर सोडलं आणि त्याच्याच गळ्यात घातलं. मग फडकं सोडलं, माती खरवडून आजोबांच्या हातात दिली. त्यांनी सवयीने हात पुढे केलेच होते. मग दोरी सोडली आणि गोळा श्वासताईंच्या मांडीत टाकला. राहिली ती नुसती भावोजींची स्वतःची कंबर, जशी देवाने आणि ताईने केली तशी. ती झडपेला घासली, जरा थांबली, आणि पार झाली. भावोजी माझ्यासकट भुकटीवाल्यावर उतरले.

ते उठले, शर्ट खाली ओढला, चपटा पेचकस काढून दाराच्या फटीत घातला आणि शाल सोडवली. त्यांना बघायला हवं होतं तेव्हा. हात असे चालत होते की आत कोणी आहे हेही ते विसरले होते. लिफ्ट हलली आणि श्वासताईंचा श्वास आपोआप सुरू झाला. कुठल्या नाकपुडीने ते मी बघितलं नाही.

सभा बारगळली. खाली चपलांच्या दुकानापाशी साहेबांनी भावोजींना गाठलं. "काका, तुम्ही उतरलात, मी पाहिलं. तपासणी झाली असंच धरतो." मला नाचावंसं वाटलं. पण त्यांनी भावोजींच्या खांद्यावर हात ठेवला. "तरी एक मनातलं बोलू? या वयात असं लोंबकळायचं कशाला? टेबलापाशी मऊ खुर्ची आहे, पंखा आहे, चहा जागेवर मिळतो. तुमच्याबद्दल काळजी वाटते म्हणून म्हणतो. येता का?"

झालं. ज्याला भावोजी घाबरत होते तेच, आणि तेही इतक्या मायेने. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, पण त्यांच्या वाटचं मी बोलून चालणार नव्हतं. मी जीभ चावली. भावोजींचं तोंड 'हो'साठी गोल झालं. तो आकार मी लग्नापासून बघत आलेय. मग त्यांनी मान वळवून लिफ्टच्या दाराच्या फटीतून वर अंधारात बघितलं.

"नको, साहेब," ते म्हणाले. "मला वरच बरं वाटतं."

"बरं," साहेब म्हणाले, खिशातून किल्ली काढली आणि गाडीकडे गेले.

भावोजी तसेच उभे. घरी जाताना अर्ध्या रस्त्यात त्यांनी मला विचारलं, "मिरचे, इतकंच असतं?"

"इतकंच."

"ते रागावले नाहीत."

"मी दिवसभर हेच करते," मी म्हटलं. "माझ्यावर रागावतात, पण ते माझ्या तोंडामुळे."

कंबर काही त्या दिवशी कमी झाली नाही. कमी होते आहे, मुंगीच्या पावलाने. पहिल्या मजल्यावरच्या बाईंकडे ते दर महिन्याला जातात, जिन्याने. तिथे नवं काहीच घडत नाही. त्या विचारतात, ते सांगतात, वजन होतं, घरी येतात. भुकटीवाल्याच्या भिंतीवर मात्र भावोजींचा फोटो लागलाय. फक्त नंतरचा, झडपेतून लोंबणाऱ्या पायांचा.

पण खरी परीक्षा त्या लिफ्टच्या दिवशीच संध्याकाळी झाली. भावोजी जेवायला बसले, ताट संपवलं, आणि ताई सवयीप्रमाणे भाताचा डाव घेऊन उभी राहिली. "घ्या ना थोडा भात."

"नको."

ताईचा हात तसाच राहिला. मांजरानेसुद्धा मान वर केली. "बरं वाटत नाही का? कुठे खाऊन आलात?"

"बरं वाटतंय. पोट भरलं."

ताई आत गेली. मी मागे गेले तर ती ओट्यापाशी पाठ करून उभी. म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या हातचं त्यांना आवडतं. आता कसं कळणार गं मला? ते तर सगळ्यांनाच हो म्हणत होते." तिचं खरंच होतं.

भावोजी दारात येऊन उभे होते. हात धुतलेले, टपटप पाणी गळतंय. म्हणाले, "अगं, आजवर तू वाढलंस आणि मी घेतलं. मागितलं कधीच नाही. आज मागतो. उद्याच्या डब्यात हाच भात दे."

ताईने पदराने डोळे पुसले. "किती देऊ?"

"मी सांगतो तेवढा."

ती हसली, आणि हातातल्या त्या डावभर भाताचं काय करायचं ते न सुचून तिने तो माझ्या ताटात घातला. मी नको म्हटलं. पण माझं 'नको' त्या घरात कोणी कधी ऐकलेलं नाही.